चित्र आधी की आवाज?

मुंबईहून आग्रा रोडनं नाशकात शिरताना पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक लागतं. शाळांच्या सहली तिथं हमखास येतात. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०, ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांचा, एवढं पोरांना तोंडपाठ असतं. याच गृहस्थांनी आगकाड्या नाचवल्या होत्या, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मला विचाराल तर पोरांना आधी तेच सांगायला हवं.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी दादरचं बस्तान नाशकाला हलवलं. पाठोपाठ महायुद्ध आलं, भांडवलाचा ओघ आटला. त्या ओढगस्तीच्या दिवसांत, १९१५ साली, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली. अशा फिल्मची कृती सांगायला सोपी आणि करायला जीव काढणारी. काडी मांडायची, कॅमेऱ्यात तिची एकच चौकट टिपायची, काडी जवभर सरकवायची, पुन्हा एक चौकट. हे शेकडो वेळा केलं की पडद्यावर काडी आपल्या पायांनी चालू लागते. त्याआधी कुंडीतलं वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ दाखवली होती, आणि ती पाहूनच पहिल्या चित्रपटाला पैसे लावणारा माणूस राजी झाला होता. आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोग करणारा हा माणूस. निर्जीवात जीव घालण्याची हौस त्याला आधीपासूनच होती.

काड्या नाचल्या, पण बोलल्या नाहीत. तेव्हा पडद्यावरचं कोणीच बोलत नव्हतं. अण्णा साळुंके नावाच्या, मुळात हॉटेलात आचाऱ्याचं काम करणाऱ्या नटानं ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या त्या याच सोयीमुळं. बोलपट असता तर त्यांना एकाच गळ्यातून दोन माणसं काढावी लागली असती. हा उद्योग पुढं अमेरिकेत एकानं जन्मभर केला आणि त्यावर पोट भरलं. त्याच्याकडं आपण शेवटी येऊ.

मूकपट मुका होता, थिएटर मुकं नव्हतं. पडद्याजवळ पेटी-तबला असे. मधे मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा, गोष्ट समजावून सांगणारा माणूस अनेक ठिकाणी असे, कारण खुर्चीवर आणि जमिनीवर बसलेल्या निम्म्या-अधिक प्रेक्षकांना अक्षरओळखच नव्हती. चित्र एका बाजूला, आवाज दुसऱ्या बाजूला आणि दोघांची गाठ प्रेक्षकाच्या डोक्यात. महाराष्ट्राला ही रीत नवी नव्हती. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर समाजातले चित्रकथी नेमकं हेच पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. रंगवलेल्या चित्रांची एक पोथी समोर, एकामागून एक चित्र पुढं येतं, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीनं चित्रकथी गातो, सांगतो. रावण आला की गळा भरदार होतो, सीता आली की उतरतो. चित्र हलत नाही, माणसाचा आवाज हलतो. कार्टूनला आवाज देणाऱ्यांची वंशावळ कोणी मराठीत लिहायला घेतली तर पहिलं पान मी पिंगुळीला देईन.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. आगकाड्यांच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी १९१४ मध्ये, वर्तमानपत्रात व्यंगमालिका काढणारा विन्सर मॅके शिकागोच्या रंगमंचावर हातात चाबूक घेऊन उभा राहिला. मागच्या पडद्यावर त्यानंच काढलेली गर्टी नावाची डायनासोर. मॅके हुकूम सोडायचा, गर्टी पाय उचलायची. तो रागावला की ती रडायची. त्यानं सफरचंद फेकल्यासारखं केलं की पडद्यावरची गर्टी ते गट्ट करायची. शेवटी तो पडद्यामागं जायचा आणि त्याच क्षणी चित्रातला मॅके गर्टीच्या पाठीवर चढायचा. चित्र आधी तयार होतं, त्यात बदल शक्य नव्हता. तेव्हा हुकूम मॅकेचा असला तरी वेळ गर्टीची होती, त्यालाच तिच्या तालावर बोलावं लागे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढची वीस वर्षं सगळं भांडण यावरच आहे: चित्रानं आवाजाच्या मागं जायचं की आवाजानं चित्राच्या?

बोलकं कार्टून म्हटलं की मिकी माऊस आणि १९२८ हे साल सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. न्यूयॉर्कच्या मॅक्स फ्लायशरनं १९२४ पासूनच ली डी फॉरेस्टच्या यंत्रणेवर आवाजासह गाण्यांच्या कार्टून फिल्म्स काढल्या होत्या. गाण्याच्या ओळी पडद्यावर, त्यांच्यावर उसळत जाणारा चेंडू, आणि अख्खं थिएटर गातंय. १९२६ च्या एका फिल्ममध्ये तर कुत्रा तोंड हलवून प्रेक्षकांना सामील व्हायला सांगतो आणि शब्द व ओठ यांचा मेळ बसलेला आहे. पण ती यंत्रणा थोड्याच थिएटरांत होती आणि लोकांना अजून बोलत्या चित्राची भूक लागलेली नव्हती. वेळेआधी आलेला पाहुणा. कोणी पाट मांडला नाही.

वॉल्ट डिस्ने वेळेवर आला. १९२८ च्या उन्हाळ्यात ‘स्टीमबोट विली’ अर्धवट असताना त्यानं स्टुडिओत एक चाचणी घेतली. पडदा म्हणून चादर टांगली. प्रोजेक्टरचा खडखडाट नको म्हणून भाऊ रॉय बाहेर उभा राहून खिडकीतून चित्र फेकत होता. विल्फ्रेड जॅक्सन तोंडानं हार्मोनिका वाजवत होता, बाकीचे भांडीकुंडी बडवत होते आणि वॉल्ट स्वतः मिकीचे चीत्कार काढत होता. प्रेक्षक म्हणजे या मंडळींच्या बायका आणि मैत्रिणी, आणि त्यांचं लक्ष निम्मं गप्पांत. पेटी-तबल्यावरच्या मूकपटाच्या खेळाहून यात वेगळं काय होतं? पण चित्र आणि आवाज एकाच ठोक्यावर पडले की काय जादू होते ते त्या रात्री त्यांना कळलं.

ठोका हाच कळीचा शब्द. मूकपटाचा वेग पक्का नव्हता. चालवणारा हात सैल पडला की सेकंदाला सोळा-अठरा चौकटी, घाई असली की वीसच्या वर. बोलपटानं तो २४ वर खिळवला, कारण आवाजाची पट्टी त्याच फिल्मच्या कडेला छापलेली असते आणि वेग हलला की गळा चिरका किंवा घोगरा होतो. वेग पक्का झाल्यावर हिशेब मांडता येऊ लागला. सात मिनिटांचं कार्टून म्हणजे १०,०८० चौकटी. मिनिटाला १२० ठोके असतील तर दर १२ चौकटींना एक ठोका, आणि मिकीचं पाऊल बरोबर बाराव्या चौकटीवर पडलं पाहिजे. एवढा हिशेब करूनही न्यूयॉर्कमधलं पहिलं ध्वनिमुद्रण फसलं, वादकांना चित्र गाठता येईना. डिस्नेनं आपली मोटार विकली आणि दुसऱ्यांदा मुद्रण केलं. या खेपेला फिल्मवरच उसळणारा ठिपका टाकला होता. संचालकानं त्याच्याकडं बघून ताल धरायचा. १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात ‘स्टीमबोट विली’ लागला. त्यात मिकी शिट्टी वाजवतो, हसतो, किंचाळतो. बोलतो तो जवळजवळ एक पोपटच. मिकीच्या तोंडी पहिले शब्द आले पुढच्या वर्षी, ‘द कार्निव्हल किड’मध्ये, आणि ते होते खाऊ विकणाऱ्याची आरोळी: ‘हॉट डॉग्ज!’ यंत्रयुगाच्या या लाडक्या उंदराचं पहिलं वाक्य म्हणजे फेरीवाल्याची हाक, हे मला फार आवडतं.

आता तोंडाकडं वळू. शब्द आले म्हणजे ओठ आले, आणि ओठ काढणं हे पाऊल काढण्यापेक्षा अवघड. इथं मराठी वाचकाला एक फायदा आहे. आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. आरशासमोर उभं राहून क, च, ट, त, प म्हणून बघा. पहिल्या चारांत जीभ कुठं कुठं लागते हे समोरच्याला जेमतेम दिसतं. ‘प’ला मात्र ओठ मिटतात, आणि ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसतं. कार्टूनवाल्यांनी तोंडाचे मोजके आकार ठरवले ते याच निरीक्षणावर: मिटलेले ओठ प, ब, म यांना, दात ओठावर टेकलेले इंग्रजी ‘एफ’-‘व्ही’ला, मोठा आ, रुंद ई, गोल ओ-ऊ, आणि बाकी व्यंजनांना सरसकट अर्धवट उघडं तोंड. ‘मामा’ शब्दात दोन वेळा ओठ मिटले नाहीत तर लहान मूलही म्हणेल की काहीतरी चुकलंय. ‘काका’त काय वाटेल ते करा, खपून जातं.

म्हणजे चित्रकाराला शब्द आधी हवेत. कुठल्या चौकटीत ‘म’ संपतो आणि कुठं ‘आ’ सुरू होतो, हे ठाऊक असल्याशिवाय तो ओठ काढणार कसे? डिस्नेच्या स्टुडिओनं म्हणून क्रम ठरवला: बोलणं आधी मुद्रित करायचं, ध्वनिपट्टीवरून एकेक चौकट मोजून तक्ता भरायचा, मग चित्र. नटाचा आवाज जिथं चढला तिथं भुवई चढली, श्वास लांबला तिथं छाती फुगली. आवाज पुढं, चित्र मागं.

फ्लायशरच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत गंगा उलटी वाहत होती. तिथं चित्र आधी पुरं व्हायचं आणि मग नट पडद्यापुढं उभे राहून, ठोका बघत, त्यात आवाज भरायचे. वरवर बघता ही मागासलेली पद्धत. पण तिच्यातूनच पॉपाय जन्माला आला. १९३३ मध्ये पडद्यावर आलेल्या या खलाशाला सुरुवातीला बिली कॉस्टेलोचा घोगरा आवाज होता. १९३५ च्या सुमाराला कॉस्टेलोला काढलं आणि शोध सुरू झाला तो स्टुडिओतच संपला. मधल्या चौकटी भरण्याचं काम करणारा जॅक मर्सर नावाचा एक तरुण पॉपायची नक्कल करून सोबत्यांना हसवायचा. त्यालाच माईकपुढं उभं केलं. मर्सरनं एक गोष्ट केली. चित्रात पॉपायच्या तोंडात पाइप, ओठ हलत नाहीत, दोन ठोशांच्या मधे नुसतीच चाल. त्या रिकाम्या जागेत मर्सर पुटपुटू लागला. लिहून न दिलेलं, ऐन वेळचं, स्वतःशीच चाललेलं. ओठ हलत नसल्यानं काहीही म्हणायला मोकळीक. पॉपायचं सगळं अंग हलतं, तोंड तेवढं हलत नाही, आणि आपल्याला वाटतं की हा माणूस मनातल्या मनात बोलतोय. कोणी आखून हे केलं नसतं.

बाहुलीवाल्यांचा खेळ याच्या नेमका उलटा. यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६ पासून आपल्याकडं शब्दभ्रमाचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या अर्धवटरावाचे ओठ हलायचे आणि बोलणाऱ्या पाध्यांचे मिटलेले. मुलगा रामदास पाध्ये यांनी ते घराणं पुढं नेलं. पॉपायमध्ये बाहुली मिटल्या तोंडानं बोलते आणि माणूस दिसतच नाही. दोन्हीकडं प्रेक्षक आनंदानं फसतो, कारण आवाज कुठून येतोय हे आपले कान ठरवत नाहीत, डोळे ठरवतात.

मर्सरची आणखी एक हकिकत. पॉपायची प्रेयसी ऑलिव्ह ऑइल हिला काही वर्षं मार्जी हाइन्स आवाज देत होती, आणि ती होती मर्सरची बायको. पडद्यावरचे सगळे रुसवेफुगवे घरचेच. युद्धकाळात मर्सर फौजेत गेला तेव्हा काही फिल्म्समध्ये पॉपायचा आवाज काढला मे क्वेस्टेलनं, म्हणजे एका बाईनं. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही.

हीच क्वेस्टेल बेटी बूपचाही आवाज. बेटी ९ ऑगस्ट १९३० ला पहिल्यांदा पडद्यावर आली ती मार्जी हाइन्सच्या आवाजात. १९३१ पासून क्वेस्टेल. मोठे डोळे, लाडिक बोल आणि गाण्यात मधेच निरर्थक अक्षरांची फिरकी. ही फिरकी हेलन केन नावाच्या गायिकेची ओळख होती. १९३२ मध्ये तिनं फ्लायशर आणि पॅरामाउंटवर अडीच लाख डॉलरचा दावा लावला: माझा चेहरा चोरला, माझा गळा चोरला. खटला १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चालला. न्यायाधीशांपुढं कार्टून्स दाखवली गेली, बेटीला आवाज देणाऱ्या बायका साक्षीला आल्या. आणि मग बचाव पक्षानं एक हुकमाचं पान टाकलं. केनच्याही आधी एस्थर जोन्स नावाची एक लहानगी कृष्णवर्णीय गायिका, ‘बेबी एस्थर’, क्लबांतून तशाच अक्षरांची फिरकी घेत होती, आणि केन व तिच्या व्यवस्थापकानं ती ऐकली होती. एस्थरची जुनी बोलती फिल्मही कोर्टात दाखवली. केन हरली. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबरच. पण गोष्टीचा शेवट बघा. नक्कल करणाऱ्यांनी केनला हरवलं ते जिच्याकडून केननं घेतलं असावं तिचं नाव पुढं करून, आणि त्या पोरीला या सगळ्यातून छदामही मिळाला नाही. ती दावेदार नव्हती, नुसता पुरावा होती.

आवाज देणारे आले कुठून, याचं उत्तर ‘जिथून मिळाले तिथून’ असं आहे. हा पेशाच नव्हता. बॉस्को या वॉर्नर ब्रदर्सच्या पहिल्या कार्टून-नायकाला आवाज स्टुडिओतल्याच कारमन मॅक्सवेलनं दिला. क्लॅरेन्स नॅश दूध कंपनीच्या जाहिरातीसाठी शाळांतून प्राण्यांचे आवाज काढत फिरायचा. त्याला शेळीच्या पिल्लाच्या बेंबें स्वरात एक बालगीत म्हणता येत होतं. डिस्नेला त्यात शेळी नाही, बदक ऐकू आलं, आणि ९ जून १९३४ च्या ‘द वाइज लिटल हेन’मध्ये डोनाल्ड डक अवतरला. त्याचे निम्मे शब्द कळत नाहीत. पण राग मात्र शंभर टक्के कळतो, आणि लेखकांनी हळूहळू त्याला रागच जास्त द्यायला सुरुवात केली. गळ्याची मर्यादा हा स्वभाव झाला.

जो डॉअर्टीची कथा मात्र चटका लावणारी. वॉर्नरच्या १९३५ च्या फिल्ममध्ये पोर्की नावाचं तोतरं डुक्कर आलं, त्याला आवाज डॉअर्टीचा. तो सोंग करत नव्हता, तो खरोखरच तोतरा होता. माईकपुढं त्याचा शब्द अडकला की फिल्म वाया जायची आणि फिल्म महाग होती. १९३७ मध्ये त्याला बदलून मेल ब्लँकला घेतलं. ब्लँक तोतरा नव्हता. तो हवं तिथं अडखळायचा आणि हवं तिथं सुटायचा. ज्याची व्यथा खरी त्याचं काम गेलं, ज्याला ती वठवता आली त्याला मिळालं. नाटकाच्या धंद्यात याहून वेगळं काही होत नाही, तरी वाचताना थांबायला होतं.

हे सगळं चाललं असताना नाशिकच्या माणसाचं काय झालं? १९१८ मध्ये नाशकात स्थापन झालेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी अखेरच्या घटका मोजत होती. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ पैशाअभावी रखडत रखडत १९३२ मध्ये पुरा झाला, तो मूकपट. आणि ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ लाच बोलून गेला होता. १९३२ मध्ये ‘प्रभात’नं ‘अयोध्येचा राजा’ही आणला, म्हणजे फाळक्यांचाच हरिश्चंद्र आता मराठीत बोलू लागला. मुका सेतू कोण बघणार? तेव्हा ‘आलम आरा’ काढणाऱ्या अर्देशीर इराणींच्याच इंपीरियल स्टुडिओत ‘सेतुबंधन’वर हिंदी आवाज चढवले गेले आणि १९३४ मध्ये तो पुन्हा बाहेर आला. या कामाला चाळीस दिवस आणि चाळीस हजार रुपये लागले असं सांगतात.

साल बघा, १९३४. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये फ्लायशरची मंडळी पुऱ्या झालेल्या चित्रापुढं उभी राहून पॉपायला बोलतं करत होती आणि मुंबईत कोणी पुऱ्या झालेल्या रामायणापुढं उभं राहून वानरांना. हस्तव्यवसाय एकच. उलट मुंबईचं काम जास्त कठीण. पॉपायच्या चित्रकारांना निदान ठाऊक होतं की यात पुढं आवाज भरायचाय. मूकपटातल्या नटाचे ओठ मात्र कुठल्याही ठोक्याला बांधलेले नसतात; तो आपल्या बोलीत, आपल्या लहरीनं बोलून मोकळा होतो. त्या ओठांवर बसतील असे शब्द दुसऱ्या भाषेत शोधायचे, तेही ‘म’ला ‘म’ आणि ‘प’ला ‘प’ गाठून. आजही परदेशी कार्टून आपल्या भाषेत आणताना डबिंगवाले हेच कोडं सोडवत बसतात. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या जपानी ‘जंगल बुक’मधला शेरखान हिंदीत गुरगुरला तो नाना पाटेकरांच्या आवाजात. त्या वाघाच्या चित्रकारांनी नानांच्या मुरुड-जंजिऱ्याचं नावही ऐकलं नसेल, पण रविवारी सकाळी इकडं कोणाला शंका आली नाही.

फाळक्यांनी पुढं कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ (१९३७) केला, तोच त्यांचा एकमेव खरा बोलपट. नाशकातही बोलपटाचं वारं आलं होतं. १९३६ मध्ये गोदावरी सिनेटोननं ‘सती सुलोचना’ काढला. पटकथा लिहिली आणि लक्ष्मणाची भूमिका केली वि. वा. शिरवाडकर नावाच्या तरुणानं, म्हणजे पुढच्या कुसुमाग्रजांनी. चित्र पडलं. कुसुमाग्रजांचा बोलका लक्ष्मण नाशिकनं फार मनावर घेतला नाही, आणि मराठी कवितेच्या दृष्टीनं ते बरंच झालं. बोलत्या कार्टूनचा प्रयत्न ‘प्रभात’नं पुण्यात १९३४ मध्येच ‘जंबूकाका’ करून केला होता, रघुनाथ केळकरांच्या हातून. त्या वाटेनं मात्र आपण पुढं गेलो नाही. एका सेकंदाला चोवीस चित्रं काढणारे हात पगारावर ठेवायचे तर अमेरिकेसारखी आठवड्याला नवं कार्टून मागणारी थिएटरांची साखळी पाठीशी लागते; आपल्याकडं ती नव्हती.

आता नावांचा प्रश्न. २१ डिसेंबर १९३७ ला ‘स्नो व्हाइट’चा पहिला खेळ झाला. पहिल्या दिवसापासून जग त्या मुलीच्या आवाजावर भाळलं. तो होता अ‍ॅड्रियाना कॅसेलॉटीचा, मजुरी दिवसाला वीस डॉलर, आणि पडद्यावर तिचं नाव नाही. राजकन्या खरी वाटायची तर तिच्यामागं कोणी बाई आहे हे कळता कामा नये, असा विचार. आपल्याला हा विचार परका नाही. १९४९ मध्ये ‘महल’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गाणारीचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते चित्रपटातल्या पात्राचं नाव. गाणारी होती लता मंगेशकर. लोकांनी आकाशवाणीला विचारून विचारून ते नाव बाहेर काढलं. कॅसेलॉटीसाठी विचारणारं कोणी नव्हतं.

वॉर्नरच्या कार्टूनवर नाव आलं ते मेल ब्लँकचं, आणि तेही काटकसरीमुळं. पोर्की, डॅफी, बग्ज बनी सगळे त्याच्याच गळ्यातून. एका प्रसंगात तीन पात्रं भांडत असली तर तिन्ही बाजू त्याच्या. त्यानं पगारवाढ मागितली. मालक लिऑन श्लेसिंगर पैशाच्या बाबतीत घट्ट मुठीचा. वाढ नाही, पण पडद्यावर नाव देतो, म्हणाला. ब्लँकनं ते घेतलं, आणि शहाणपणा केला, कारण त्या नावावर त्याला रेडिओची कामं मिळत गेली. पण याचा दुसरा परिणाम असा की वॉर्नरचे सगळे आवाज त्याचेच, असा लोकांचा समज झाला. बग्जचा कायमचा शिकारी एल्मर फड हा आर्थर क्यू. ब्रायनचा आवाज, त्याचं नाव आलंच नाही. साळुंक्यांच्या नशिबी राम आणि सीता दोन्हींचं श्रेय तरी आलं.

ब्लँकच्या गळ्यात यंत्राचीही भर होती. डॅफी बदक आणि सिल्वेस्टर मांजर हे दोघंही थुंकी उडवत बोलतात. मूळ आवाज जवळजवळ एकच. डॅफीचं मुद्रण नंतर जलद चालवलं की स्वर चढतो आणि मांजराचं बदक होतं. बग्जच्या गाजरासाठी मात्र त्याला खरंच गाजर चावावं लागे, बाकी कशाचा आवाज गाजरासारखा येईना. चावायचं, वाक्याआधी टोपलीत थुंकायचं, मग बोलायचं.

१९६० पर्यंत थिएटरातलं कार्टून संपत आलं आणि टीव्हीवरचं सुरू झालं. पैसे थोडे, वेळ त्याहून थोडा. हॅना आणि बार्बेरा या जोडीनं ‘फ्लिंटस्टोन्स’ काढताना चित्रं वाचवली: पात्राचं धड जागच्या जागी, हात स्थिर, फक्त तोंड हलतं. वॉर्नरचा दिग्दर्शक चक जोन्स या पद्धतीला चिडून ‘सचित्र रेडिओ’ म्हणायचा. पिंगुळीच्या चित्रकथ्याला यात चिडण्यासारखं काय आहे ते कळलं नसतं.

‘फ्लिंटस्टोन्स’मधल्या बार्नी रबलचा आवाज ब्लँकचा होता. २४ जानेवारी १९६१ ला लॉस एंजलिसमध्ये त्याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. तो बेशुद्ध होता, हाका मारून उत्तर येईना. काही आठवडे गेल्यावर एका डॉक्टरनं वेगळाच प्रयोग केला. मेल म्हणून नव्हे, बग्ज बनी म्हणून हाक मारली: ‘बग्ज, आज कसं वाटतंय?’ पलंगावरून क्षीण आवाजात उत्तर आलं, बग्जच्या बोलीत. ही हकिकत ब्लँक आणि ते डॉक्टर दोघांनीही पुढं सांगितली आहे.

शुद्धीवर आल्यावरही कित्येक महिने तो मानेपासून खाली प्लास्टरमध्ये होता. काही भागांत बार्नीचं काम डॉज बटलरनं चालवून नेलं. मग मंडळींनी यंत्रं त्याच्या घरीच नेली, पलंगावर माईक टांगला, बाकीचे नट भोवती बसले आणि मुद्रण सुरू झालं. प्लास्टरमधल्या त्या माणसाचं धड जागच्या जागी होतं, हात स्थिर होते, फक्त तोंड हलत होतं.